चार सिगारेटींचा माणूस

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कापडाचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत शिंप्याचं एक मोठं दुकान होतं, तिथे ते कटिंगमास्तर होते. शिवणारे कारागीर सहा-सात, पण कापड कापायची कात्री एकाच माणसाच्या हातात. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड काही पुन्हा जोडता येत नाही, म्हणून दुकानात मालकाच्या खालोखाल मान मास्तरांचा, आणि काहींच्या मते मालकाच्याही वर. वयाची साठी उलटली तरी नजर पक्की होती आणि हात थरथरत नव्हता.

गिऱ्हाईक मापाच्या वेळी खोटं बोलतं, असं मास्तरांचं ठाम मत होतं. तोंडाने नव्हे, पोटाने. कमरेभोवती टेप गेला की भलेभले श्वास आत ओढून ताठ उभे राहतात, आणि त्या मापाची पँट शिवली तर तिसऱ्या दिवशी भांडायला येतात. मास्तर त्यावर घाई करत नसत. टेप तसाच धरून ते मुलाबाळांची चौकशी करत, नोकरी कशी चाललीय विचारत. दोन-चार वाक्यांत गडी सैल पडे, पोट आपल्या जागी येई, मग मास्तर आकडा लिहून घेत. नव्या कारागिराला ही युक्ती सांगताना ते थोडे फुगतच.

या माणसाला ऐब म्हणावी अशी एकच होती, सिगारेट. रोज एक पाकीट, म्हणजे वीस. कामाची घाई असली तर पाकिटाबाहेरच्या एक-दोन. घरात मात्र ते चार सिगारेटींचे म्हणून ओळखले जात.

त्याचं असं झालं होतं. मुलगा दीड वर्षाचा असताना त्याच्या छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली. दवाखान्यात ठेवावं लागलं, श्वासासाठी नळ्या लावल्या, आणि निघताना डॉक्टरांनी घरात धूर नको म्हणून बजावलं. बायकोने पोराला मांडीवर घेऊनच विचारलं, सोडाल का? मास्तरांच्या डोळ्यांत तेव्हा खरंच पाणी होतं. ते म्हणाले, एकदम नाही जमायचं, पण चारवर आणतो, त्याही घराबाहेर. बायकोला ते पटलं. सगळं सोडतो म्हणणाऱ्यापेक्षा चार म्हणणारा माणूस खरा वाटतो.

मास्तरांनी शब्द दोनेक आठवडे पाळलाही. मग चारच्या सहा झाल्या, सहाच्या दहा, आणि वर्ष संपायच्या आत गाडी पुन्हा वीसवर आली. घरातला आकडा तेवढा चारवरच राहिला. दुकानाच्या मागे एक लोखंडी जिना होता, तिथे त्यांचा सगळा कारभार चाले. पाकीट बटणांच्या डब्यांमागे असे. घरी जाण्याआधी साबणाने हात, तोंडात लवंग. तरी कपड्यांना वास यायचाच. पण कारागीर सगळेच ओढणारे, त्यामुळे मास्तरांना उत्तर शोधावं लागलं नाही, बायकोनेच ते शोधलं. दिवसभर दुसऱ्यांच्या धुरात उभं राहावं लागतं बिचाऱ्यांना, असं ती शेजारणीला सांगे आणि सदरे वेगळे भिजत घाली.

इतकी वर्षं चाललेलं खोटं पुढे खोटं वाटेनासं होतं. ते घरातल्या जुन्या कपाटासारखं असतं, त्याला वळसा घालून जायची पायांना सवय होते. मास्तरांना कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी चारच सांगितल्या असत्या.

फक्त एकदा ते कपाट अंगावर पडायची वेळ आली होती. मुलगा एकोणीस वर्षांचा असताना आईला त्याच्या सदऱ्याच्या खिशात सिगारेटी सापडल्या. ही बाई आरडाओरडा करणारी नव्हती. तिने त्या टेबलावर ठेवल्या आणि मुलाला समोर बसवलं. ज्या छातीसाठी मी रात्रंदिवस उशाशी बसले, ज्या छातीसाठी तुझ्या बापाने तोंडातली सिगारेट सोडली, ती तू अशी जाळतोस, असं ती म्हणाली. सांगता सांगता चारच्या शून्य झाल्या होत्या, पण ते कोणी दुरुस्त केलं नाही. ओढायची असेल तर तू या घरातला नाहीस, असंही ती म्हणाली. मास्तर तिथेच भिंतीला टेकून उभे होते. मुलाने मान वर करून बापाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मास्तरांच्या तोंडाला कुलूप बसलं असतं तरी एकवेळ चाललं असतं, पण ते बोलले. म्हणाले, "आईचं ऐक."

त्याच वर्षी मुलाला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि तो गेला. नोकरी चांगली होती, त्यामुळे तो का गेला हे कुणाला विचारावं लागलं नाही. पुढे त्याचा फोन आठवड्याला यायचा, आईला. तो कामापुरता. घरी यायचा तो वर्षातून एकदा, पाहुण्यासारखा, सकाळी येऊन संध्याकाळी परत. बाई त्याच्या नावाने कधी रडली नाही, पण त्याची खोली तिने भाड्यालाही दिली नाही.

तर मास्तर एकसष्ट वर्षांचे असताना सरकारी दवाखान्यात फुफ्फुसाच्या तपासणीचं नवं मशीन आलं. सिगारेट ओढणाऱ्यांनी येऊन नाव द्यावं, कॅन्सर असलाच तर गाठ लहान असताना सापडेल, पैसे पडणार नाहीत, असे फलक लागले. मास्तरांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. बायकोने मात्र लगेच मनावर घेतलं. चार तर चार, ओढता ना, मग दाखवून यायला काय जातं, असं म्हणून ती त्यांना घेऊन गेली आणि सिस्टरच्या टेबलासमोर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

सिस्टरने वय विचारलं, कधीपासून ओढता ते विचारलं. मग विचारलं, "रोज किती?"

मास्तरांनी नकळत श्वास आत ओढला. पोट आत गेलं, पाठ ताठ झाली. "चार," ते म्हणाले.

सिस्टरला काही टेप धरून मुलाबाळांची चौकशी करायला वेळ नव्हता, बाहेर रांग होती. तिने आकडा लिहिला, वर्षांनी गुणला आणि सांगितलं, "काका, तुम्ही यात बसत नाही." वीस वर्षं रोज एक पाकीट, किंवा त्याच्या तोडीस तोड धूर ज्याच्या छातीत गेलाय, त्यालाच मशीनखाली घ्यायचं असा नियम होता. मास्तरांचा धूर त्याच्या निम्माही भरत नव्हता. काळजी करू नका, त्याही सोडून द्या, असं म्हणून तिने पुढच्याला हाक मारली.

बाहेर आल्यावर मास्तरांच्या जिवात जीव आला आणि बायकोला आभाळ ठेंगणं झालं. सरकारी मशीनने नवऱ्याला ओढणारा म्हणून मोजायलाच नकार दिला, याहून मोठी पावती काय असणार? शेजारणीला सांगून झालं, खालच्या दुकानदाराला सांगून झालं. फोनवर तिने मुलालाही सांगितलं. तिकडून तो बरं म्हणाला.

बाईचा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तो उघड ओढणारा, शिडीवर चढूनही तोंडात सिगारेट. बहिणीने आयुष्यभर त्याच्यापुढे मास्तरांचा आदर्श ठेवला होता आणि त्यानेही तो हसत हसत ऐकून घेतला होता. त्यानेही दवाखान्यात नाव दिलं, आकडा बेधडक सांगितला, आणि तो नियमात बसला. मशीनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला हरभऱ्याएवढी गाठ दिसली. तपासली तर कॅन्सर. पण इतकी लहान होती की तेवढा तुकडा कापून काढला आणि काम झालं. वर्षभर उशीर केला असता तर कापायलाही बोलावलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

मास्तर त्याला भेटायला गेले. मेहुणा उशीला टेकून बसला होता, रंग उतरलेला, पण जीभ तीच. म्हणाला, "दाजी, तुमच्यासारखा चार ओढणारा असतो ना, तर यांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं. जास्त ओढल्या म्हणून वाचलो बघा." आणि हसायला गेला तर टाके दुखले.

मास्तरही हसले. मग खाली येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. मेहुणा विसाव्या वर्षापासून रोज एक पाकीट ओढत होता. ते स्वतः अठराव्यापासून. सकाळचा खोकला ते कापडावर खुणा करायच्या खडूच्या भुकटीवर ढकलत आले होते, कात्री हातात आल्यापासून खडू नाकातोंडात जातोच म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना तो खोकला खडूचा वाटला नाही. मास्तर घाबरले. साधं, लहान पोरासारखं घाबरले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते एकटेच दवाखान्यात गेले. सिस्टर तीच होती. चुकून चार सांगितलं, वीस आहेत, असं ते म्हणाले. तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. चारच्या वीस चुकून कशा होतात, असं तिने विचारलं नाही. ती त्यांना आत डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होते आणि थकलेले होते. असे तुम्ही या महिन्यातले कितवे, मला आठवतही नाही, असं ते म्हणाले. कुणाच्या तरी ओळखीत गाठ सापडली की आजूबाजूचे घाबरून येतात आणि दोनच्या वीस करून सांगतात. बायका सांगतात, नवरे सांगतात. मास्तरांना वाटलं होतं, लोक आकडा फक्त कमी करतात. वाढवणारेही असतात हे त्यांना नवीन होतं.

डॉक्टरांनी मग त्यांना समजावलं, फार न रागावता. मशीन चालवायला माणसं लागतात, वाचायला डॉक्टर लागतात, आणि जवळपास प्रत्येकाच्या छातीत काही ना काही दिसतंच. जुन्या खोकल्याचा व्रण असतो, तो गाठीसारखा दिसतो, मग सुई घाला, तुकडा काढा, माणूस महिनाभर मेल्यासारखा जगतो आणि शेवटी काहीच निघत नाही. भरपूर ओढलेल्यांमध्ये खऱ्या गाठी इतक्या सापडतात की हा सगळा खर्च आणि ताप परवडतो. थोडं ओढणाऱ्यांमध्ये नाही परवडत. "वरून मला दर वर्षी एकच विचारतात, एवढ्या पैशांत माणसांची किती वर्षं वाचली? उत्तर बरं आलं तर मशीन राहील. नाहीतर दुसऱ्या कामाला नेतील, आणि तुमच्या मेहुण्यासारखा पुढचा माणूस तसाच मरेल."

म्हणून एकदा लिहिलेला आकडा बदलायचा तर नियम केला होता. घरातला एक माणूस समोर येऊन, मला माहीत आहे, हे एवढ्या ओढतात, असं सांगून सही करणार. दुकानातला कारागीर चालेल का, असं मास्तरांनी विचारून पाहिलं. नाही. जिन्यावर बरोबर ओढणारे सहाजण आणतो म्हणाले. तरी नाही, दोस्त मंडळी काय वाटेल त्यावर सही करतात. "खरं बोलत असाल तर लवकर या," डॉक्टर म्हणाले. "आणि खोटं असेल तर आनंदाची गोष्ट आहे, घरी जा."

घरात माणूस एकच होतं.

पुढचे काही आठवडे मास्तरांचे कसे गेले ते त्यांचं त्यांना माहीत. जेवताना वाक्य ओठांवर यायचं आणि घासाबरोबर आत जायचं. बायको नेमकी त्याच वेळी भावाचं बोलणं काढी. त्याने तुमचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती, असं ती म्हणाली की मास्तर उठून हात धुवायला जात. मरणाची भीती मोठी का बायकोची, असा सरळ प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर दोन्ही नव्हत्या. मुलाला समोर बसवलं त्या दिवशीचं उत्तर द्यावं लागेल, याची त्यांना भीती होती. वीसच्या आकड्याची तिला लाज वाटेल, राग येईल, तो जाईल. पण ते "आईचं ऐक" कुठे ठेवायचं?

मग एका सकाळी त्यांनी एका भारी कोटाचं कापड कापलं. समोरचे दोन तुकडे टेबलावर मांडले तेव्हा दोन्ही डाव्या बाजूचे निघाले. कापड उलटवायचं राहून गेलं होतं. नवशिका शिंपी करतो ती चूक, आणि मास्तरांच्या हातून उभ्या जन्मात झाली नव्हती. कारागीर आपापल्या मशीनवर खाली बघत बसले. मालकाने तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, कापड मी भरून देतो, आणि कात्री ठेवून भर दुपारी घरी गेले.

बायको पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. बरं नाही का, असं तिने विचारलं. मास्तर उभ्या उभ्याच बोलले. "चार नाहीत. वीस."

तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिने विचारलं, "कधीपासून?"

"तो लहान होता तेव्हापासून. मध्ये दोन आठवडे सोडले तर पहिल्यापासूनच."

मग त्यांनी दवाखान्याचं सगळं सांगितलं, सहीचंही. ती घड्या करत राहिली. एक सदरा तिने तीनदा उलगडला आणि तीनदा त्याची घडी घातली. फुफ्फुसाचं, गाठीचं तिने काहीच विचारलं नाही.

"तो समोर बसला होता," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही इथेच उभे होतात."

"हो."

"मी त्याला घरातला नाहीस म्हटलं. तुमच्या जिवावर म्हटलं."

 ती उठून आत गेली.  इतक्या वर्षांत बायकोचा इतका राग मास्तरांनी पाहिला नव्हता, आणि आताही तो दिसत नव्हताच. मग ती बाहेर आली आणि त्यांच्या खिशातला फोन काढून तिने त्यांच्या हातात दिला. "सहीचं मग बघू," ती म्हणाली. "आधी त्याला सांगा. माझ्यासमोर."

मास्तरांना फोन कानाला लावायची सवय नव्हती. दुकानात हात कधी मोकळे नसत, म्हणून ते फोन स्पीकरवर टाकून, टेबलावर ठेवूनच बोलत. आताही त्यांनी तो पलंगावर कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवला. बापाचा फोन बघून मुलाने आधी विचारलं, आई बरी आहे ना? बरी आहे, असं मास्तर म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी सांगितलं की चारचं खोटं होतं, वीस ओढत होतो, आईचं ऐक म्हणालो त्या दिवशीही वीसच ओढल्या होत्या.



"मला माहीत आहे, बाबा," मुलगा म्हणाला. "मी शाळेत असताना डबा घेऊन दुकानात यायचो. बटणांच्या डब्यांमागे पाकीट असायचं. माझी पहिली सिगारेट तुमच्याच पाकिटातली."

मास्तर कपड्यांवर टेकले. मग तेव्हा बोलला का नाहीस, असं त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला.

"काय बोलणार होतो? आईला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी सोडली. मी सांगितलं असतं तर तिचं तेवढंही गेलं असतं." मग तो म्हणाला, "आताही तिला सांगू नका. मशीनचं काय असेल ते मी बघतो, पैसे भरून बाहेर कुठे तपासून घेऊ. तिला कशाला."

बाईने पदर तोंडाशी नेला आणि परत खाली सोडला. मग ती फोनजवळ वाकली.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

 ती थांबली नाही. "बाहेर कुठे न्यायचं नाही. इथे फुकट करतात, फक्त एक सही लागते. घरातल्या माणसाची. यांचं खरं ज्याला माहीत आहे, त्याची." तिचा आवाज इथे जरा हलला, पण तिने तो सावरला. "मला काही माहीत नव्हतं, मी कशी सही करणार? तू ये."

 मुलाने नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि मग दवाखाना किती वाजता उघडतो ते त्याने विचारलं.  वेळ बाईनेच सांगितली. आदल्या दिवशी ये, असंही सांगितलं, आणि कपडे उचलून ती त्याच्या खोलीच्या खिडक्या उघडायला गेली.